वसुलीचे फोन आणि गच्चीवरचे ४९ रुपये

कुलकर्णी काकू (बी-३०१): सर्व सभासदांना नमस्कार. आज दुपारी एका अनोळखी क्रमांकावरून मला फोन आला आणि आपल्या इमारतीतील एका मुलाने ऑनलाइन जुगारापायी अॅपवरून घेतलेले कर्ज मी जामीनदार म्हणून फेडावे, असे अत्यंत अर्वाच्य भाषेत सांगण्यात आले. मी कोणाचीही जामीनदार नाही. असे फोन आणखी कोणाला येत असल्यास कृपया सोसायटीच्या या ग्रुपवर लिहावे, कारण गणपतीत हा विषय निघाला तेव्हा तो 'घरगुती' म्हणून मिटवण्यात आला होता.

साळुंखे (खजिनदार): मलाही फोन आला होता. वॉचमनच्या केबिनमधील वायफायचा पासवर्ड बदलावा आणि ते रात्री अकराला बंद करावे, ही माझी सूचना मागील सभेच्या इतिवृत्तात नोंदलेली आहे.

पाटील (सचिव): कोणाचेही नाव घेऊ नये, ही नम्र विनंती.

पेंडसे काका (ए-२०३): नाव कोणीच घेतलेले नाही, सचिवसाहेब. परंतु आजच्या पिढीला कष्टाविना पैसा हवा असतो आणि मोह आवरण्याची सवय घरातून लावली जात नाही, एवढे म्हणण्याचा अधिकार ज्येष्ठ सभासद म्हणून मला असावा.

ओंकार (सी-५०२): काका, आपला पूर्ण आदर राखून लिहितो. आयपीएलच्या दिवसांत गच्चीवर प्रत्येकी ४९ रुपये भरून अॅपवर खेळाडूंची टीम लावण्याचा उपक्रम आजच्या पिढीने सुरू केलेला नव्हता, आणि त्याचा हिशेब कोणाच्या वहीत असे हे सर्वांना ठाऊक आहे.

पेंडसे काका: तो कौशल्याचा खेळ होता, तेव्हा कायद्याला मान्य होता, आणि जिंकलेल्या पैशांची सर्वांना भेळ दिली होती.

वैद्य वहिनी (ए-४०१): भेळेचा मुद्दा बाजूला ठेवू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला, त्यात कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ त्यात येतो. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. तेव्हा 'पोलिसांत देऊ' असे जे कोणी जिन्यात बोलत होते, त्यांनी नेमके कोणाला देणार हेही सांगावे.

देशमुख (बी-२०२): जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते दिसले, तेव्हा ती आपोआप आलेली जाहिरात असल्याचे सांगण्यात आले होते. आमच्याकडेही जेवणाच्या ताटावर हेच स्पष्टीकरण मिळते. 😄

पाटील (सचिव): कृपया विषयावर राहावे.

गावकर आजोबा (सी-१०१): मी गिरणगावात वाढलो, म्हणून लिहितो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवर आधी आकडा लागे. ते बंद पडल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका आला. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. पुन्हा तसेच केले की क्लोज. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या दरवाजावर येऊन उभ्या राहत, त्यामागे दारूचा गुत्ता जसा होता तसा हाही होता. पण ओपन आणि क्लोजच्या मध्ये काही तास जात. तेवढ्या वेळात माणूस कामावर जाई, घरी जेवायला येई, कोणाची तरी बोलणी खाई. हल्लीच्या खेळात हा मधला वेळच उरलेला नाही, असे नातवाच्या फोनमध्ये डोकावल्यावर वाटते.

ओंकार: आजोबा, नेमके हेच आहे. हल्ली जो विमानाचा खेळ चालतो, त्यात विमान वर जाते तसा आकडा वाढत जातो आणि ते नाहीसे होण्याआधी पैसे काढून घ्यायचे असतात. एक फेरी काही सेकंदांत संपते. रूलेटचे, म्हणजे कॅसिनोतील फिरत्या चाकाच्या खेळाचे, उदाहरण घ्या. सदतीस घरे असतात आणि आकडा अचूक आला तर लावलेले पैसे परत मिळून वर पस्तीसपट मिळतात, म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाचे. ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु तेच शंभर रुपये रात्रभर फिरत राहिले की शेवटी सगळेच त्याच्याकडे जातात. भर म्हणजे थोडक्यात हुकलेली फेरी हरल्यासारखी न वाटता 'जवळ आलो' अशी वाटते. पैसे यूपीआयने क्षणात भरता येतात, मात्र काढायचे असतील तर साइटने दिलेल्या बोनसच्या कित्येक पट डाव आधी लावावे लागतात. देशातील कंपन्या बंद झाल्या तरी परदेशातील साइटच्या लिंक टेलिग्रामवर येतच राहतात, आणि पैसे कोणा तिऱ्हाइताच्या भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात.

साळुंखे (खजिनदार): म्हणूनच वायफायचा पासवर्ड बदलावा, असे मी म्हणत होतो.

कुलकर्णी काकू: साळुंखे भाऊजी, प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा डेटा असताना केबिनमधल्या वायफायने काय अडणार?

साळुंखे (खजिनदार): ठीक आहे. वायफायचे बिल दरमहा कोण भरतो, एवढे तरी लक्षात असू द्यावे.

नाईक (बी-१०४): सर्वांना नमस्कार. मीही या ग्रुपवर आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानात राहिले नसावे. आपणा सर्वांना झालेल्या मनस्तापाबद्दल मला खेद आहे. मुलाचे पहिले कर्ज आम्ही दागिने मोडून फेडले. परतफेड वेळेवर झालेली पाहून त्याच अॅपने त्याला दुसऱ्या आठवड्यात अधिक रकमेचे कर्ज देऊ केले. कष्टाविना पैसा हवा म्हणून तो खेळतो असे आम्हालाही वाटे, पण त्याच्या खात्याचे उतारे वाचले तेव्हा दिसले की जिंकलेले पैसे तो कधी काढतच नसे. ते त्याला पुढच्या फेऱ्या खेळता याव्यात, एवढ्यासाठीच हवे असत. आता त्याचा पगार आईसोबतच्या संयुक्त खात्यात जमा होतो, त्याच्या फोनवर यूपीआय ठेवलेले नाही, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलल्यापासून तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जात आहे. माझी विनंती अशी की त्याने मागितल्यास, कारण दवाखान्याचे सांगितले तरी, कोणीही पाचशे रुपयेसुद्धा देऊ नयेत. आधी मला फोन करावा. मात्र लिफ्टमध्ये तो दिसल्यावर जिन्याने जाणेही कृपया थांबवावे.

पेंडसे काका: नाईकसाहेब, माझ्या बोलण्याचा रोख आपल्याकडे नव्हता.

नाईक: रोख राहू द्या, काका. ती भेळ मीही खाल्ली होती.

वैद्य वहिनी: नाईक भावजी, कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधील संपर्कांची यादी घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बजावलेले आहे. त्यामुळे शेजाऱ्यांना फोन करणे हीच स्वतंत्र तक्रार होते. ती पोलिस ठाण्यात आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर, दोन्हीकडे करू. ज्यांना फोन आले त्यांनी क्रमांक, वेळ आणि रेकॉर्डिंग असल्यास ते मला वेगळे पाठवावे, ग्रुपवर टाकू नये. तक्रारीवर प्रत्येकाची सही लागेल.

पाटील (सचिव): सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र देता येईल का?

वैद्य वहिनी: देता येईल, पण त्यात मुलाचे नाव किंवा फ्लॅटचा क्रमांक घालू नका. मसुदा मी करते. कुलकर्णी काकू, तो क्रमांक ब्लॉक केला असला तरी कॉलच्या यादीतून पुसू नका.

कुलकर्णी काकू: पुसलेला नाही. आत्ताच तुम्हाला पाठवते.