मदत हवी आहे: जुन्या आरओ मेम्ब्रेनपासून यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, क्षार नाही पण बारीक गाळ अडवणारा फिल्टर) करायचंय, नुसतं भिजत ठेवून चालेल का?

जत तालुक्यातल्या आमच्या गावच्या पाणी प्लांटमधले चार इंची, चाळीस इंच लांबीचे सहा मेम्ब्रेन निकामी झालेत. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० पीपीएम आहे, बाहेर ४०० येतो. सायट्रिक ॲसिडने दोनदा धुतले, मग कॉस्टिकनेही. फ्लो थोडा सुधारला, टीडीएस जिथल्या तिथे. भंगारवाला फुकटही नेईना.

वाचलं ते असं: सोडियम हायपोक्लोराइटने (हायपो, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच) वरचा पॉलिअमाइडचा थर जातो, खालचा पॉलिसल्फोनचा टिकतो आणि मेम्ब्रेन यूएफसारखा चालतो. त्यासाठी साधारण ३,००,००० पीपीएम-तास (क्लोरीनचं प्रमाण गुणिले तास) लागतात, म्हणजे १०,००० पीपीएमच्या द्रावणात ३० तास. पीएच १० च्या वर ठेवणार. ॲसिड आणि हायपो एकत्र येऊ देणार नाही, मध्ये भरपूर पाण्याने धुणार (क्लोरीन गॅसची भीती आहेच).

हे पाणी प्यायला द्यायचं नाही. नव्या आरओ मेम्ब्रेनच्या आधी गाळायला वापरायचंय, सँड फिल्टरमधून बारीक गाळ निसटतो म्हणून. क्लोरीनने नवा मेम्ब्रेनही खराब होईल, त्यामुळे पुढे त्याचा अंशही जाऊन चालणार नाही. मेम्ब्रेन ओलेच ठेवलेत, वाळू दिले नाहीत. नवीन यूएफ घ्या असं कृपया सांगू नका, समितीकडे पैसे नाहीत.

अडलंय ते इथे. आमच्याकडे हायपोला चालेल असा पंप नाही. पिंपात उभे करून नुसते भिजवले तर आतल्या गुंडाळ्यांपर्यंत द्रावण सारखं पोहोचतं का, की फिरवावंच लागतं? आणि ३० तासांत कडेचे गोंदाचे जोड सुटल्याचा अनुभव कुणाला आहे का?