प्रतिसाद: भूमिगत खाणीभोवती वन्यजीवांची नोंद कशासाठी?

'भूमिगत खाणीत वरचं जंगल तुटत नाही, मग वाघ-अस्वलांच्या नोंदी कशाला?' असं वर विचारलंय. जंगल तुटत नसलं तरी जमीन खचते. छत पेलायला खाणीत सोडलेले कोळशाचे खांब उभे असतात तोवर वर फारसं जाणवत नाही. ते काढून छत पाडायला सुरुवात झाली, म्हणजे डिपिलरिंग, की भेगा पडतात. भेग नाल्याच्या पात्रात गेली तर उन्हाळ्यातला डोह रिकामा होतो आणि जनावरं पाण्यासाठी गावाकडे वळतात. म्हणून नोंदी डिपिलरिंगच्या आधीपासून हव्यात. शिवाय खाणीपासून लांबचा तसाच एखादा नालाही मोजावा, नाहीतर दोष खाणीचा की कमी पावसाचा, हे कधीच कळणार नाही.

नोंदीसाठी, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे जोडीनं, वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात. एका वेळी फक्त डावी आणि दुसऱ्या वेळी फक्त उजवी कूस टिपली गेली तर एक वाघ दोन म्हणून मोजला जाऊ शकतो. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर ठेवू नका, एकाच्या फ्लॅशनं दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. समोरचं गवत कापा. आणि चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी फोटो आले नाहीत म्हणून जनावर नाही असं कृपया लिहू नका: सेन्सर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक टिपतो, एवढ्या उन्हात तो फरक फार कमी होऊ शकतो.

भेगा मात्र पावसाळ्याआधीच चिकणमातीनं ठासून बुजवा. नुसता मुरूम टाकला तर पाणी झिरपतच राहतं.