गुरं हाकणारे हात
ऑस्ट्रेलियाचा आउटबॅक, म्हणजे आतला विरळ वस्तीचा ओसाड प्रदेश, गोऱ्या स्टॉकमननी (घोड्यावरून गुरं वळणाऱ्या गुराख्यांनी) उभा केला आणि तो गोरा गुराखीच खरा ऑस्ट्रेलियन, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कष्टाळूपणाबद्दल वाद नाही. पण उत्तरेकडच्या अवाढव्य कॅटल स्टेशनांवर, म्हणजे गुरं पाळायच्या खासगी मळ्यांवर, घोड्यावर बसून गुरं वळणाऱ्यांत तिथले मूळ आदिवासीही मोठ्या संख्येने होते, तेही त्यांच्याच जमिनीवर! मजुरी म्हणजे मुख्यतः पीठ, चहा, साखर आणि खारवलेलं मांस. रोख मिळालीच तर अगदी किरकोळ.

वेव्ह हिल या अशाच एका स्टेशनावरच्या संपाचा विषय सहसा कुणी काढत नाही, म्हणून लिहितो. ऑगस्ट 1966 मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे गुरिंजी या आदिवासी समाजाचे लोक बायकापोरांसह ब्रिटिश मालकाचं ते स्टेशन सोडून चालते झाले. सुरुवातीला मागणी पगाराची वाटली, पण जवळच्या वॅटी क्रीक या ओढ्याकाठी तळ ठोकल्यावर ते सरळ जमीनच मागू लागले आणि हटले नाहीत. 1975 मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी तिथे जाऊन जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगियारींच्या हातात मूठभर माती ओतली, तो फोटो प्रसिद्ध आहे. गोऱ्यांइतकं समान वेतन मात्र लागू झालं तेव्हा अनेक स्टेशनांनी आदिवासींना कामावरूनच काढलं, पुढे गुरं हाकायला हेलिकॉप्टर आली.