दोन मजली फॉन्डंट केक: ५,००० रुपये जास्त होतात का?

प्रश्न: मुलीचा पहिला वाढदिवस, मे महिना, पुणे. २ किलो, दोन मजली, बाहेरून फॉन्डंट (लाटून चढवलेलं साखरेचं आवरण), वर साखरेचा हत्ती. बेकरीतला साधा क्रीम केक निम्म्याहून कमीत येतो. फरक कशाचा?

प्रतिसाद १: हत्तीचा! गमपेस्टची (सुकून कडक होणारी साखरेची कणीक) आकृती हाताने घडवायची, मग एक-दोन दिवस सुकवायची. शिवाय फॉन्डंटखाली गनाश (चॉकलेट-क्रीमचं घट्ट मिश्रण) हवं: डार्क चॉकलेट २ भाग, क्रीम १, व्हाइटला ३ ला १. नुसत्या व्हिप क्रीमवर फॉन्डंट ओल धरतं, सुरकुततं, घसरतं. वरच्या मजल्याखाली बोर्ड आणि खालच्यात आधाराच्या काड्या आहेत ना, हे विचाराच. नसतील तर गाडीतच खालचा केक दबतो.

प्रतिसाद २: मान्य, पण फॉन्डंट बरेच पाहुणे सोलून बाजूला ठेवतात. (मुलं सोडून.) २ किलोत त्याचं वजन धरलंय का, तेही विचारून घ्या.

प्रश्नकर्ती: मग मधला मार्ग?

प्रतिसाद १: एकमजली गनाश केक, फॉन्डंट नको, वर फक्त हत्ती. तो वेगळ्या डब्यात आणा, फ्रिजमध्ये नको; थंड साखरेला बाहेर आल्यावर पाणी सुटतं, रंग ओघळतो. कापायच्या अर्धा तास आधी बसवा.