ऑनलाइन दागिने-लिलावात बनावट बोली लागत असल्याचा संशय : तक्रार कशाच्या आधारावर करावी?

महालवासी (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरला महाल भागात राहते. भाचीच्या साखरपुड्यात तिला माणिकाचे एक लहानसे पेंडंट द्यायचे मनात होते. इतवारीच्या सराफ्यात पाहिलेले सगळे नमुने माझ्या आवाक्याबाहेरचे निघाले, म्हणून कार्यालयातल्या मैत्रिणीने सुचवलेल्या दागिन्यांच्या एका लिलाव-संकेतस्थळावर मी नाव नोंदवले. संकेतस्थळाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझा संशय अजून संशयच आहे आणि तो कितपत खरा धरावा हेच मला आपल्याला विचारायचे आहे.

त्या पेंडंटची ‘बाजारातील किंमत’ म्हणून ९८,००० रुपये हा आकडा खोडून दाखवला होता आणि बोली १ रुपयापासून सुरू होत होती. वर्णन असे होते : १८ कॅरेट सोने, एकूण वजन १.८२ ग्रॅम, त्यात नैसर्गिक माणिक २.१० कॅरेट. पहिल्या लिलावात दोन बोलीदार माझ्यावर चढत गेले आणि ते ५१,००० रुपयांना विकले गेल्याचे दिसले. पाचव्या दिवशी तेच पेंडंट पुन्हा लिलावात आले. त्या वेळी त्याच दोघांपैकी एकाने ते ४६,५०० रुपयांना घेतले, आणि पुढच्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले. माणिकाच्या डाव्या कडेला एक पांढुरका ठिपका आहे. तिन्ही वेळच्या छायाचित्रांत तो त्याच जागी होता.

तिसऱ्या लिलावात मी स्वयंचलित बोलीची सोय वापरली आणि ३५,००० रुपये ही माझी कमाल मर्यादा नोंदवली. घड्याळात दहा सेकंद उरली की त्याच दोघांपैकी कोणीतरी पाचशेने बोली वाढवत असे, माझ्या वतीने यंत्रणा आणखी पाचशे चढवत असे आणि घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जात असे. हे जवळपास पाऊण तास चालले. माझी बोली ३४,५०० वर पोहोचली, म्हणजे माझ्या मर्यादेत एकच पायरी उरली, आणि समोरचे दोघेही एकदम थांबले. माझी मर्यादा त्यांना ठाऊक असावी, ही शंका त्या रात्रीपासून मनातून जात नाही.

पैसे भरण्याच्या पानावर प्रथमच कळले की बोलीवर १० टक्के ‘खरेदीदार शुल्क’ आहे. कर आणि विमा-टपालखर्च धरून ३९,७४० रुपये गेले. पेंडंट आल्यावर घरच्या सराफांना दाखवले. त्यांनी रत्नपारख्याकडे पाठवले आणि त्या रत्नपारख्याने माणिकात काच भरलेली असल्याचे लेखी दिले. संकेतस्थळाचे उत्तर एका ओळीचे आहे : लिलावातील माल परत घेतला जात नाही.

अशी बनावट बोली कायद्याने गुन्हा किंवा फसवणूक ठरते का? मी ती सिद्ध कशी करणार? आणि तक्रार नेमकी कुठे करायची?

इतवारी_सराफी

ताई, बोलीविषयी जाणकार सांगतीलच. मी फक्त वस्तूविषयी लिहितो, कारण आमच्या तीन पिढ्या सराफीत गेल्या आहेत.

आधी वजन पाहू. रत्नाच्या वजनात एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे २.१० कॅरेटचे माणिक ०.४२ ग्रॅम भरते. १.८२ मधून ते वजा केले की धातू उरतो १.४० ग्रॅम, आणि सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता, तेव्हा १८ कॅरेटच्या (२४ पैकी १८ भाग सोने) हिशेबाने त्यात चोख सोने १.०५ ग्रॅम. याचा अर्थ ९८,००० रुपयांचा तो आकडा जवळजवळ सगळा माणिकाच्या नावावर उभा आहे. माणिक गेले की किंमत गेली.

काच भरलेले माणिक म्हणजे भेगाळलेला, हलक्या प्रतीचा माणिकाचाच दगड आम्लाने धुऊन त्याच्या भेगांत शिसेयुक्त काच वितळवून भरलेला असतो. दहापट भिंगाखाली पाहिले तर आत हवेचे बारीक बुडबुडे दिसतात आणि दगड हलवताना निळसर किंवा नारिंगी चमक उठते. लिंबाच्या रसानेसुद्धा त्यातली काच खराब होते, झाळकामाच्या आचेची तर गोष्टच सोडा. असा दगड विकणे गैर नाही, पण तो काय आहे हे सांगून विकला पाहिजे. केवळ ‘नैसर्गिक माणिक’ म्हणणे ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे, आणि चांगल्या माणिकाच्या तुलनेत त्याचे मोल नगण्य असते.

दुसरे, त्या पेंडंटवर हॉलमार्क आहे का? १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या नगाचा हॉलमार्क ओळख-क्रमांक) नसलेला दागिना विकता येत नाही. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला यातून सूट आहे. तुमचे पेंडंट १.८२ ग्रॅमचे, म्हणजे नेमके सुटीत बसते. हेतुपुरस्सर तसे बनवले असे मी म्हणणार नाही, परंतु ऑनलाइन लिलावात दोन ग्रॅमच्या आतला माल घेताना सोन्याच्या शुद्धतेची सरकारी खूण हाताशी नसते, हे ग्राहकाला माहीत असावे.

तिसरे, पेंडंटसोबत रत्नाचे प्रमाणपत्र आले असेल तर ते. त्यावर ‘अंदाजित मूल्य’ छापले असेल तर त्या आकड्याला आमच्या बाजारात कोणी विचारत नाही. जीआयएसारखी नावाजलेली प्रयोगशाळा रत्नाचे गुण लिहिते, किंमत लिहीत नाही. विकणाऱ्यानेच नेमलेल्या मंडळींनी छापलेली किंमत ही किंमत नव्हे.

आकडेवारी_शिक्षक

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि मागे वर्षभर अशाच एका संकेतस्थळावरच्या लिलावांची नोंदवही ठेवली होती. आपला संशय निराधार नाही, पण आपण दिलेल्या खुणांपैकी काही कच्च्या आहेत आणि तक्रारीत त्या पुढे केल्या तर समोरचा पक्ष त्याच खोडून काढील, म्हणून स्पष्ट लिहितो.

घड्याळ पुढे ढकलले जाणे ही खूण नाही. शेवटच्या क्षणी बोली मारून इतरांना संधी न देणाऱ्यांना आवरण्यासाठी पुष्कळ प्रामाणिक संकेतस्थळे हीच पद्धत वापरतात. पाचशे-पाचशेने वाढ होणे हाही पुरावा नाही. दोन स्वयंचलित मर्यादा एकमेकींना भिडल्या की असेच दिसते. ठिपक्याविषयी तर विशेष सावध राहा. एकाच नमुन्याचे पन्नास नग असले तरी छायाचित्र एकच वापरले जाते, त्यामुळे तिन्ही वेळा ठिपका त्याच जागी असणे एवढेच सिद्ध करते की छायाचित्र तेच होते.

मर्यादेच्या एक पायरी अलीकडे थांबणे मात्र गंभीर आहे. तरीही ३५,००० हा गोल आकडा आहे आणि अशा आकड्याच्या आसपास बरेच जण आपापली मर्यादा ठरवतात, म्हणून एका वेळेवरून निष्कर्ष काढता येत नाही. मी माझ्या नोंदींत मर्यादा मुद्दाम ३३,७०० किंवा २१,९०० अशा अडनिड्या ठेवल्या होत्या. लहानमोठ्या अकरा लिलावांपैकी आठ वेळा प्रतिस्पर्धी माझ्या मर्यादेच्या शेवटच्या पायरीवर थांबला. तेव्हा मी त्या संकेतस्थळावरून कायमचा उठलो.

खरी विचारपूस बोलीदाराच्या इतिहासाची करावी. तो एकाच विक्रेत्याच्या मालावर बोली लावतो का? शेकडो बोली लावूनही क्वचितच जिंकतो का? जिंकला तर तीच वस्तू पुन्हा विक्रीला येते का? आपल्याकडे त्या तीन लिलावांची पाने जतन आहेत का, आणि वजन व प्रमाणपत्राचा क्रमांक तिन्ही वेळा तोच होता का?

महालवासी

सर, आपण विचारल्यावर पुन्हा पाहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या लिलावाची पाने माझ्या फोनमध्ये आहेत, पहिल्याचे फक्त अर्धे पान आहे. वजन तिन्हींत १.८२ ग्रॅम. प्रमाणपत्राचा क्रमांक दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर दिसतो आणि तो एकच आहे. माझ्या हातात आलेल्या प्रमाणपत्रावरही तोच आहे.

धरमपेठ_ग्राहक

मी चार वर्षे अशा लिलावांतून चांदीच्या वस्तू घेतो आणि माझा अनुभव वाईट नाही. अनेकदा जिंकणारा पैसेच भरत नाही, म्हणून वस्तू पुन्हा येते. सगळ्यांनाच एका मापाने मोजू नये, एवढेच सांगणे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

मी नागपूर जिल्हा ग्राहक आयोगापुढे काम करते. प्रश्नांची उत्तरे क्रमाने न देता, प्रकरण कसे उभे राहील त्या ओघाने लिहिते.

आपल्याकडे लिलावाचा कायदा जुना आणि याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार विक्रेत्याने बोली लावण्याचा आपला हक्क आधी जाहीर केलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदेशीर आहे आणि खरेदीदार अशी विक्री कपटाची मानू शकतो. किंमत चढवण्यासाठी विक्रेत्याने दिखाऊ बोली लावल्यास खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवता येते. तेव्हा पहिले काम म्हणजे संकेतस्थळाच्या अटी नीट वाचून काढणे. ‘विक्रेता किंवा त्याचा प्रतिनिधी बोली लावू शकेल’ असे वाक्य कुठे दडलेले आहे का, हे पाहा. असलेच, तरी ते ग्राहकाच्या नजरेस आणले गेले होते का, यावर युक्तिवाद करता येतो.

परंतु ताई, बनावट बोलीचा पुरावा तुमच्याजवळ नाही, तो त्यांच्या संगणकात आहे. २००७ साली न्यूयॉर्क राज्यात दागिने विकणाऱ्या एका कंपनीने आपल्याच मालावर कर्मचाऱ्यांकडून बोली लावून घेतल्याचा आरोप झाला आणि ४ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. तिथे महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने तपास केला होता. एकट्या ग्राहकाला तेवढे हात नसतात. म्हणून माझा आग्रह असा की तक्रारीचा पाया माणिकावर घाला आणि बोलीचा मुद्दा त्याच्या पाठीशी ठेवा. वर्णन ‘नैसर्गिक माणिक’, हातात काच भरलेला दगड; हे तुम्ही आजच दाखवू शकता.

‘माल परत घेतला जात नाही’ या उत्तराने खचू नका. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी असेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते, म्हणून आधी त्याच्याकडेच लेखी तक्रार पाठवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराबाबत हरकत याच आठवड्यात नोंदवा, कारण तिथली मुदत थोडी असते.

उत्तर समाधानकारक नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि पुढे जिल्हा आयोगाकडे या. कंपनी कुठल्याही शहरातली असली तरी ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला नागपूर सोडावे लागणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यामुळे पेंडंट धुऊ नका, दुरुस्त करू नका, आले त्या डबीसह ठेवा. फोनमधल्या पानांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, डिजिटल पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र लागू शकते. ती पाने ज्या फोनमध्ये आहेत तो बदलू नका.

शेवटच्या पानावर उगवलेले १० टक्के शुल्क हा वेगळा मुद्दा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि खोटी निकड निर्माण करणे या दोन्ही गोष्टी अनुचित ठरवल्या आहेत. ही तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवा. अनेक ग्राहकांचा प्रश्न असेल तर ते स्वतः चौकशी करू शकते, आणि बोलीदारांच्या नोंदी मागवण्याचा तोच खरा मार्ग आहे.

महालवासी

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. तक्रार अधिकाऱ्याला काल रात्री लेखी कळवले आणि बँकेतही अर्ज दिला. आज सकाळी एक नवीच गोष्ट दिसली : तोच प्रमाणपत्र क्रमांक, तेच १.८२ ग्रॅम वजन असलेले पेंडंट संकेतस्थळावर पुन्हा लिलावात आहे. माझे पेंडंट माझ्या कपाटात आहे.

आकडेवारी_शिक्षक

मग आता दोनच शक्यता उरतात. प्रत्येक नगाचे प्रमाणपत्र स्वतंत्र असेल, तर आपल्याला विकलेली वस्तू त्यांनी पुन्हा विक्रीला मांडली आहे, जी त्यांच्याजवळ नाही. आणि एकाच क्रमांकावर ते अनेक नग विकत असतील, तर आधीच्या दोन विक्री कदाचित खऱ्या असतील, पण प्रमाणपत्र कोणत्याच एका दगडाचे नाही. यातले कोणते खरे, हे त्यांनाच लेखी विचारा.

सिव्हिल_लाइन्स_वकील

सहमत. लिलाव संपेपर्यंत त्या पानाची चित्रफीत करा, पत्त्याची ओळ आणि तारीख-वेळ त्यात दिसली पाहिजे. शक्य असल्यास शेजारी आपले मूळ प्रमाणपत्र आणि पेंडंट ठेवून एक छायाचित्र घ्या. त्या लिलावात बोली मात्र लावू नका.