वर्गणी भरावी की हवा तेवढाच लेख विकत घ्यावा?

रातकिडा:
महिन्याला मी मोजून पाचसहा लेखच नीट मन लावून वाचतो, पण ते असतात चार वेगळ्या पेपरांत आणि चारही ठिकाणी पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख उघडतच नाही. सगळ्यांची वर्गणी भरणं शक्य नाही. पैसे द्यायचे नाहीत असं नाहीये हो, पण जेवढं वाचतो तेवढ्याचेच घ्या ना. सुटा लेख विकायला अडचण काय आहे?

पानोपानी:
हे करून झालंय. नेदरलँड्समध्ये २०१४ ला ब्लेंडल नावाची ऑनलाइन सेवा सुरू झाली, एका खात्यावरून बऱ्याच पेपरांतले लेख सुटे घ्यायचे, काही सेंटांत, आणि लेख पटला नाही तर पैसे परत. न्यूयॉर्क टाइम्सनेही त्यात पैसे घातले होते. तरी २०१९ मध्ये ब्लेंडलने सुटी विक्री बंद केली आणि महिन्याच्या वर्गणीवर गेले. माझ्या मते रक्कम हा प्रश्न नव्हताच, दर लेखाला "घेऊ का नको" हा विचार करायचा माणसाला कंटाळा येतो.

जुना डेस्कवाला:
मी बरीच वर्षं पेपरच्या संपादकीय डेस्कवर काढलीत म्हणून सांगतो. बातमीदार दोन दोन महिने एका प्रकरणामागे असतो आणि कधी कधी छापण्यासारखं काहीच हाती लागत नाही, मग त्या दोन महिन्यांचा पगार कुठल्या लेखातून काढायचा? कोर्टात रोज जाऊन बसणारा माणूस, मजकूर तपासणारे, हे सगळं वर्गणीवर चालतं. सुटं विकायला लागलो की जे खपतं तेच लिहिलं जाणार आणि हेडिंगं भडक होणार, कोर्टाची रुक्ष बातमी आधी जाणार. ती गेलेली मला बघवणार नाही.

शाईचे_ठसे:
@जुना डेस्कवाला पटलं, पण दोन्ही एकत्र चालू शकतं की. कॅनडात विनिपेग फ्री प्रेसने २०१५ ला वर्गणी ठेवूनच २७ सेंटला सुटा लेख सुरू केला होता. आणि वर्गणी घेणाऱ्या पेपरांनीही जरा सरळ वागावं, मला एका पेपरने पहिले काही महिने स्वस्तात दिलं, मग न विचारता पूर्ण रक्कम कापली, आणि बंद करायला फोनच करावा लागला. असं झालं की माणूस पुन्हा कार्ड नंबर देत नाही.
रातकिडा, ज्या पेपरची बातमी बंद झाली तर तुला खरंच चुकल्यासारखं होईल त्या एकाची वर्गणी भर. बाकीच्यांसाठी लायब्ररीत विचार, बऱ्याच लायब्रऱ्या मेंबरांना पेपर ऑनलाइन वाचायला देतात.

रातकिडा:
लायब्ररीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारतो. आणि कोर्टाच्या बातम्या मी ज्या पेपरात वाचतो त्याची वर्गणी आज भरतोय, ऑटो रिन्यूअल बंद करून.