ज्ञानाचा पाया सांगताना ‘अनुभव’ म्हणावं, ‘प्रत्यक्ष’ की ‘संवेदन’?

फोंड्याहून:
तत्त्वज्ञानाच्या पदवी वर्गासाठी मराठी टिपण करायचं आहे. मुख्य प्रश्न असा मांडला आहे: ‘इंद्रियानुभव हा ज्ञानाचा पाया ठरू शकतो का?’ ‘इंद्रियानुभव’च्या जागी प्रत्यक्ष, संवेदन, जाणीव असे तीन पर्याय सुचवले गेले. शब्द बदलला की प्रश्नाचं उत्तरही बदलतंय असं दिसतं. ‘पाया’ हा शब्दही तपासून हवा आहे.

डिचोलीहून:
उत्तर बदलतं ते ‘अनुभव’ या शब्दामुळे. रोजच्या मराठीत अनुभव म्हणजे अंगावरून गेलेली गोष्ट, ‘वीस वर्षांचा अनुभव’ म्हणतो तसा. न्याय या भारतीय दर्शनाच्या परिभाषेत त्याची व्याप्ती वेगळी आहे. तर्कसंग्रह या न्यायाच्या ग्रंथात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. केवळ संस्कारातून, म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या मनात उरलेल्या ठशातून, उठते ती स्मृती, बाकी सगळा अनुभव. म्हणजे धूर पाहून अग्नी ओळखला ती अनुमिती हाही अनुभवच, आणि विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून कळलं तोही अनुभवच. या अर्थाने ‘अनुभव ज्ञानाचा पाया आहे का’ असं विचारलं तर प्रश्नात काही उरत नाही, कारण अनुभव हा ज्ञानाचाच एक भाग आहे. ‘इंद्रिय’ जोडल्याने थोडं सावरतं, पण जोडशब्दाच्या पोटात काय धरलंय ते टिपणात पहिल्याच ओळीला सांगा.

‘प्रत्यक्ष’ जास्त नेमका आहे. न्यायाचा मूळ ग्रंथ न्यायसूत्र, त्याच्या 1.1.4 मध्ये लक्षण दिलं आहे: इंद्रिय आणि अर्थ (वस्तू) यांच्या सन्निकर्षातून (संबंधातून) उपजलेलं, अव्यपदेश्य (शब्दात न मांडलेलं), अव्यभिचारी (न चुकणारं), व्यवसायात्मक (निश्चित) ज्ञान. ‘अव्यभिचारी’वर बोट ठेवा. चुकीचं दिसणं या व्याख्येने आधीच बाहेर काढलं. तेव्हा ‘प्रत्यक्ष चुकू शकतं का’ हा प्रश्न न्यायाच्या भाषेत ‘खरं ज्ञान खोटं असू शकतं का’ असा होऊन बसतो. चूक होण्याची शक्यता मोकळी ठेवून प्रश्न विचारायचा असेल तर ‘प्रत्यक्ष’ हा शब्द तुमच्या आड येईल.

मडगावहून:
‘संवेदन’ घ्या, ‘संवेदना’ नको. ‘शोकसंवेदना’मुळे स्त्रीलिंगी रूपाला सहानुभूतीचा वास लागला आहे. नपुंसकलिंगी ‘संवेदन’ अजून कोरडं राहिलं आहे आणि तत्त्वज्ञानाच्या लिखाणात तेच चालतं.

‘प्रत्यक्ष’बद्दल एक भर. यातला ‘अक्ष’ फक्त डोळा नाही, कोणतंही इंद्रिय आहे. वास आणि चवही प्रत्यक्षच. आणि वर्गात हमखास होणारी चूक: ‘माझ्या अपरोक्ष त्याने हे केलं’. परोक्ष म्हणजे इंद्रियांच्या पलीकडे, अपरोक्ष म्हणजे समोर. पाठीमागे केलं असेल तर ‘माझ्या परोक्ष’ म्हणायला हवं. अपरोक्षज्ञानावर प्रकरण असेल तर ही चूक तिथे अर्थ उलटा करते.

म्हापशाहून:
नामांकडे पाहताय, क्रियापदांकडे बघा. मराठीने हा भेद क्रियापदात आधीच करून ठेवला आहे. ‘पाणी कोमट आहे’ आणि ‘पाणी कोमट लागतं’. पहिलं वाक्य पाण्याबद्दल, दुसरं लागण्याबद्दल. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात दिलेलं उदाहरण वर्गात करून दाखवता येतं. तीन प्लास्टिकच्या बादल्या घ्या. एकीत बर्फ घालून सुमारे 15 अंश सेल्सिअसचं पाणी, दुसरीत 40 अंशांचं, मधल्या बादलीत 30 अंशांच्या आसपास. डावा हात थंडीत, उजवा ऊन पाण्यात, मनगटापर्यंत, दोन मिनिटं. मग दोन्ही एकदम मधल्या बादलीत. डाव्याला ऊन लागतं, उजव्याला गार लागतं, आणि पाणी तर एकच. प्रयोग फसतो तो बहुधा घाईमुळे: हात दहा सेकंदांत काढला तर त्वचा सरावत नाही. मधलं पाणी एका टोकाच्या फार जवळ गेलं तरीही फरक पुसट होतो. म्हणून थर्मामीटर लावून मगच सुरुवात करा.

आता ‘पाणी ऊन आहे’ आणि ‘पाणी गार आहे’ ही वाक्यं एकत्र खरी असू शकत नाहीत. ‘डाव्याला ऊन लागतं’ आणि ‘उजव्याला गार लागतं’ ही दोन्ही खरी. ज्ञानाचा पाया शोधणाऱ्यांनी नेमकी ही ‘लागतं’वाली वाक्यं पकडली, कारण ती खोडता येत नाहीत.

फोंड्याहून:
हे फार उपयोगी आहे. मग टिपणात ‘लागतं’वाली वाक्यं हाच पाया असं लिहायला हरकत काय?

डिचोलीहून:
हरकत मोठी आहे. ‘डाव्या हाताला ऊन लागतं’ यावरून बादलीबद्दल काय कळलं? काहीच नाही. पाण्यापर्यंत जायचं तर हात कसा वागतो, आधी कुठे बुडवला होता, हे माहीत हवं, आणि ते ज्ञान पुन्हा जगाबद्दलचं. वाक्य जितकं न खोडता येण्यासारखं करावं तितकं त्याच्यावर कमी उभं राहतं.

1956 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्फ्रिड सेलर्स यांनी यावर मूलभूत आक्षेप घेतला. केवळ संवेदन घडणं ही घटना झाली. एखाद्या दाव्याला बळ देणं ही वेगळी गोष्ट, त्यासाठी संवेदनाला ‘हे अमुक आहे’ असं रूप यावं लागतं, आणि ते रूप शिकलेल्या कल्पनांतून येतं. मराठीत हा आक्षेप निसटतो, कारण आपला ‘कारण’ हा एकच शब्द घडवून आणणारं आणि पटवून देणारं अशा दोन्हींना चालतो. टिपणात ‘कारण’ टाळा आणि प्रत्ययांनी काम भागवा. ‘धुरामुळे डोळे चुरचुरले’ यात -मुळे आहे, इथे घडवून आणणं. ‘धुरावरून आग कळली’ यात -वरून आहे, इथे दाव्याला आधार. ‘धुरामुळे आग आहे’ असं कुणी म्हणत नाही. बाजारात ‘कल्ल्यांच्या लालीवरून बांगडा ताजा वाटतो’ हे अनुमान. ‘बांगडा डोळ्यांनी पाहिला’ इथे मात्र -वरून बसतच नाही, -नी आहे, म्हणजे करण (साधन). नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, प्रत्यक्षाला प्रमेचं (खऱ्या ज्ञानाचं) करण म्हणतात ते याच कारकाच्या अर्थाने. पाहणं आणि कळणं यांच्यामध्ये अनुमानाची पायरी नाही, हे आपल्या विभक्तीतच नोंदलेलं आहे.

सेलर्स यांच्या आधी कितीतरी शतकं आपल्याकडे हा वाद झाला आहे. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग म्हणतात, कल्पनेचा स्पर्श नसलेलं तेच प्रत्यक्ष. नैयायिक निर्विकल्पक (‘हे अमुक’ असं रूप न आलेलं) आणि सविकल्पक (ते रूप आलेलं) दोन्ही मानतात, पण नव्यन्यायात, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या शाखेत, निर्विकल्पक ज्ञान प्रमाही नाही आणि भ्रमही नाही. त्यात ‘प्रकार’, म्हणजे वस्तूला लावलेलं विशेषणच नाही, तेव्हा खरंखोटं ठरणार कशावरून? माझ्या मते इथे नव्यनैयायिकांची बाजू भक्कम आहे.

काणकोणहून:
‘पाया’बद्दल. चिऱ्याच्या घराचं जोतं बांधून झालं की खालचा पाया पुन्हा उघडत नाहीत. ही प्रतिमा घेतली की ‘पाया कधीच हलत नाही’ असं न सांगता गृहीत धरलं जातं. प्रत्यक्ष तसं नाही. जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांची तावदानं असतात, तसा एखादा शिंपला वाळूत चमकला आणि ‘रुपं’ (चांदी) म्हणून उचलला, हातात घेतल्यावर शिंपला निघाला. पहिल्या दिसण्याचा बाध (खंडन) दुसऱ्या दिसण्याने झाला. दोन्ही डोळ्यांचीच, तरी एकाने दुसऱ्याला काढून टाकलं. न्यायमतात प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) परतः, म्हणजे त्या ज्ञानाबाहेरच्या गोष्टीवरून ठरतं: पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते पाहणं खरं ठरलं. मृगजळाच्या बाबतीत हीच प्रवृत्ती फसते.

याला योग्य शब्द परंपरेतच आहे, ‘उपजीव्य’. अनुमान प्रत्यक्षावर जगतं म्हणून प्रत्यक्ष उपजीव्य आणि अनुमान उपजीवक. न्यायसूत्र 1.1.5 मध्ये अनुमानाला ‘तत्पूर्वक’ (प्रत्यक्ष आधी असलेलं) म्हटलं आहे ते यासाठीच. यात अवलंबून असणं आहे, अचूकतेची हमी नाही. पदवी वर्गाला ‘उपजीव्य’ जड जाईल, तेव्हा ‘आधार’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे उपजीव्य सांगून ठेवा. ‘पाया’ फक्त त्या मताची मांडणी करताना वापरा ज्याला खरोखर न हलणारा पाया हवा आहे.

मडगावहून:
म्हणजे प्रश्नाची दोन वाक्यं करावी लागतील. ‘संवेदन हा ज्ञानाचा न हलणारा पाया आहे का?’ आणि ‘ज्ञान प्रत्यक्षावर आधारलेलं असतं का?’ पहिल्याला नाही म्हणून दुसऱ्याला हो म्हणता येतं. एका वाक्यात घातलं तर मुलं दोन्हीला एकच उत्तर देतील.

फोंड्याहून:
दोन वाक्यं करतो. ‘लागतं’, ‘दिसतं’, ‘वाटतं’ यांची वेगळी चौकट देणार आहे. कोंकणीतून विचार करणाऱ्या मुलांचं त्यात काय चुकू शकतं?

म्हापशाहून:
‘दिसता’. कोंकणीत ‘म्हाका दिसता’ म्हणजे डोळ्यांना दिसतं आणि ‘मला वाटतं’ असं दोन्ही. मराठी उत्तरात मुलं ‘मला दिसतं की लॉक यांचं मत बरोबर आहे’ असं लिहितात. तिथे ‘वाटतं’ हवं. चौकटीत दोन्ही भाषांची वाक्यं शेजारी लिहा: ‘म्हाका दर्या दिसता’ म्हणजे ‘मला समुद्र दिसतो’, ‘म्हाका दिसता पावस येतलो’ म्हणजे ‘मला वाटतं पाऊस येईल’. दुसऱ्या वाक्यात पाऊस अजून कुणाच्या डोळ्यांना दिसलेला नाही, हे मुलांकडूनच काढून घ्या. मग ‘लागतं’कडे वळा.